टाका न मारलेली फ्रेम: ॲल्युमिनियम हार्डटेलवरची अडीच वर्षं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर 22 च्या मागच्या बाजूला एका गाळ्यात माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. हॉटेलांची एसएसची टेबलं, जिन्यांची रेलिंग आणि आठवड्यातून दोन-तीनदा ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग. त्यामुळे सायकलची फ्रेम समोर आली की लोक रंग बघतात, मी जोड बघतो. ही हार्डटेल फ्रेम, म्हणजे मागे शॉकअब्झॉर्बर नसलेली, घेतली तेव्हाही दुकानात ती उलटी करून मोबाइलच्या टॉर्चखाली हेडट्यूबपासून (हँडलखालची पुढची नळी) मागच्या एक्सलपर्यंत एकेक वेल्ड बघत बसलो होतो. दुकानातला मुलगा दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "काका, काही पडलंय का?"

वेल्ड चांगले होते. सरावलेल्या हाताने करंजीला मुरड घातली की कशी एकसारखी येते, तसे. फक्त चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या, जिथे बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पेडलच्या आसाच्या घराला मिळतात तिथे वेल्डरचा हात अवघडल्याचं दिसत होतं. ती जागाच अडचणीची, वेल्डिंगची टॉर्चसुद्धा नीट आत शिरत नाही. माझ्या हातून तिथे याहून बरं आलं नसतं. 28,500 रुपये मोजले आणि फ्रेम खांद्याला अडकवून घरी आलो. आमच्या रविवारच्या कंपूतल्या आणखी तिघांनी माझ्या भरवशावर तीच फ्रेम घेतली. म्हणजे काही बिनसलं की शिव्या मलाच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्यातल्या एकाचं वॉरंटीवरून त्यांच्याशी वाजलं आणि त्या प्रकरणात चूक कोणाची हे सांगताना माझीच पंचाईत होते. घडण सांगतो, त्यावरून काय ते ओळखा: 6061-टी6 ॲल्युमिनियम, 29 इंची चाकं, पुढे 120 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कसाठी आखलेली, टेपर्ड हेडट्यूब, मागे 148 चा थ्रू एक्सल (आरपार जाणारा आस), आणि देवाची कृपा म्हणजे बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, 73 मिलिमीटरचा. दाबून बसवायचा ब्रॅकेट आला असता तर पहिल्या पावसानंतर कुरकुर सुरू झाली असती आणि मी ही फ्रेम घेतलीच नसती.

एल साइजची फ्रेम गाळ्यातल्या काट्यावर 1.94 किलो भरली. आधीची माझी स्टीलची 2.75 होती. आठशे ग्रॅमचा फरक येऊरच्या चढावर कळतो का? खरं सांगायचं तर आदल्या रात्री जेवण कमी केलं तरी तेवढाच कळतो.

खर्चाचं आधी सांगून टाकतो, कारण "नुसती फ्रेम बदलू, बाकी सामान आहेच" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. मीही तेच म्हणत होतो. जुन्या सायकलचं मागचं चाक 135 चं, क्विक रिलीजवालं. नव्या फ्रेममध्ये ते बसत नाही, कुठल्याही जुगाडाने बसवू नये. नवीन चाक, 11,200. माझ्या जुन्या फोर्कची दांडी सरळ, सव्वा इंचाच्या आतली, आणि हेडट्यूब खाली रुंद होत गेलेली. मग खालचं माप कमी करणारा हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, 2,400. जुना सीटपोस्ट (सीटची दांडी) 27.2 चा, इथे लागतो 30.9 चा, 1,900. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा) लावायला जागाच नाही, म्हणजे पुढे एकच चक्र, त्यासाठी क्रँक, कॅसेट (मागची चक्रं) आणि मागचा डिरेलर, 14,600. बेरीज करा: 58,600. बायकोला मी पहिलाच आकडा सांगितला होता. तिने बाकीची बिलं देवघराच्या खणात शोधून काढली.

जुना फोर्क 100 मिलिमीटरचा, तोच वर्षभर वापरला. सायकलचं नाक त्यामुळे थोडं खाली येतं. वीस मिलिमीटरला साधारण एक अंश कोन उभा होतो. चढाला हँडल हलकं लागतं, उताराला जरा बिथरतं, आणि ब्रॅकेट खाली आल्याने पेडल दगडाला लागतं. आपल्याकडचा दगड काळा, कडक. पेडलच झिजतं, दगड नाही. गेल्या वर्षी 120 चा फोर्क घातला आणि मग कळलं की ही फ्रेम आखणाऱ्याच्या डोक्यात काय होतं. पाटोणापाड्याकडच्या त्या मोकळ्या खडीच्या उतारावर, जिथे पूर्वी मी एक पाय टेकत जायचो, तिथे आता सीटवरून ढुंगण मागे सरकवून निवांत उतरतो.

(येऊरबद्दल एक. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आपल्या बाजूचा भाग आहे. गावातला रस्ता आणि पाड्यांच्या वाटा एवढंच आमचं मैदान. परवानगी नसताना जंगलात आत सायकल घालून वर व्हिडिओ टाकणाऱ्यांमुळे उद्या फाटकावर सगळ्यांनाच अडवतील.)

आता "ॲल्युमिनियम हाडं मोडतं" हा आरोप. माझी भाची कोलशेतला राहते, तिची एस साइजची. पहिल्या रविवारी घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरून गायमुखपर्यंत जाऊन आली आणि संध्याकाळी फोन. "मामा, तू मला सायकल दिलीस की जातं? मनगटं सुजलीत." मी विचारलं टायरमध्ये हवा किती. म्हणाली, पेट्रोल पंपावर भरली, चाळीसच्या वर असेल. पन्नास-बावन्न किलोची पोर, सव्वादोन इंची टायर आणि चाळीस. मग दगडावर बसल्यासारखंच वाटणार! टायर ट्यूबलेस केले, हवा पुढे 19 आणि मागे 22 ठेवली. पुढच्या रविवारी फोन आला नाही, फोटो आला.

यामागचं गणित माझ्या धंद्यातलं आहे. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. स्टीलच्याच जाडीची बारीक नळी ॲल्युमिनियमची केली तर सायकल वेताच्या छडीसारखी लवेल. उपाय एकच, नळीचा व्यास वाढवायचा. व्यास जेवढा वाढतो त्याच्या कितीतरी जास्त प्रमाणात ताठपणा वाढतो. अमेरिकेत सायकली बनवणारे गॅरी क्लाइन यांनी 1970 च्या दशकात हेच केलं आणि कॅननडेल कंपनीच्या 1983 पासूनच्या सायकलींनी ती जाड नळी घरोघरी नेली. त्या काळच्या बारीक, कडक फुगवलेल्या टायरवर तिचा धक्का खरोखर लागत असणार. "ॲल्युमिनियम म्हणजे कडक" ही ख्याती तेव्हापासूनची असावी असा माझा अंदाज. आज सव्वादोन इंची टायर जेवढा दबतो त्यापुढे फ्रेमचं लवणं कुठल्या कुठे राहतं. अर्थात दोन-अडीच तास उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चालवली तर कंबर बोलतेच. मागे शॉकअब्झॉर्बर नाही, ती बोलणारच. त्याला हार्डटेल म्हणतात.

कंपूतले काका बँकेतून निवृत्त झालेले, पाचपाखाडीला राहतात. त्यांची फ्रेम दिसायला चौघांत सगळ्यात नवी, कारण ते ती रोज पुसतात. पण पुसतात बाहेरून. सीटपोस्ट बसवताना ग्रीस लावला नव्हता आणि दीड वर्ष तो हललाही नाही. नातवाला सायकल द्यायची म्हणून सीट खाली करायला गेले तर पोस्ट जाम. ॲल्युमिनियमच्या नळीत ॲल्युमिनियमचाच पोस्ट. पावसाचं पाणी फटीतून उतरतं, पांढरी भुकटी धरते, आणि भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. पाचर ठोकल्यासारखं होतं. खाडीकाठची हवा त्यात मदतच करते.

गाळ्यात आणली. आधी फटीत झिरपणारं तेल टाकून दोन दिवस उलटी टांगून ठेवली. मग पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि आम्ही दोघांनी फ्रेमच धरून फिरवली, जात्याच्या खुंट्यासारखी. काका एका टोकाला, मी दुसऱ्या. पहिल्या दहा मिनिटांत काहीच नाही. मग एक असा चरचरीत आवाज आला की काका म्हणाले, "गेली!" गेली नव्हती, सुटली होती. कोणीतरी त्यांना कॉस्टिक सोडा ओतायचा सल्ला दिला होता. सोडा ॲल्युमिनियम खातो हे खरं. पण पोस्ट कुठला आणि फ्रेम कुठली हे त्याला कळत नाही, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन बंद खोलीत कोंडू नये. वर्षातून दोनदा पोस्ट बाहेर काढा, फडक्याने पुसा, ग्रीसचा हात फिरवा. दहा रुपयांचं काम.

पावसाळ्याबद्दल माझी तक्रार खरी तक्रार आहे. ब्रेकची नळी आणि गिअरची केबल फ्रेमच्या आतून जातात. दिसायला सुरेख. पण जिथून त्या आत शिरतात तिथली रबरी टोपणं ढिली आहेत, आणि खाली ब्रॅकेटजवळ पाणी निघायला जे भोक ठेवलंय त्यात आगपेटीची काडी जेमतेम जाईल. पहिल्या जुलैत खारघरच्या टेकडीवर, फणसवाडीकडे जाऊन आलो, सायकल उभी केली तर आतून डबक डबक आवाज. ब्रॅकेट उघडला तेव्हा चहाचा एक ग्लास भरेल एवढं पाणी निघालं, तांबूस. भोक मी मोठं केलं नाही. धातूला नवीन भोक पाडणं म्हणजे चिरेला आमंत्रण. टोपणाभोवती पंक्चरच्या रबराची पट्टी गुंडाळली, आणि पावसातून आलो की सायकल मागच्या चाकावर उभी करून ठेवतो. शिवाय 2.4 चा टायर घातला तर दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर राहतात. चिकणमातीत चाक फिरायचंच थांबतं. जून ते सप्टेंबर 2.1 घाला.

गिअर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्याला टांगतात तो तुकडा, या फ्रेमचा स्वतःचा आहे, सगळीकडे मिळतो त्या मापाचा नाही. फ्रेम घेतानाच दोन जादा मागून घ्या. भाचीचा एकदा वाकला तर तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती.

आता सर. घोडबंदर रोडच्या एका शाळेत पीटी शिकवतात, सहा फुटांच्या वर उंच, वजन 92. फ्रेम घेताना एक्सएल दुकानात नव्हती. सर म्हणत होते, येईपर्यंत थांबतो. घाई मी केली. "एल घ्या सर, सीट वर केली की झालं." माझं हे वाक्य मला अजून टोचतं.

एका शनिवारी संध्याकाळी मी शटर ओढायच्या बेतात होतो आणि सर सायकल घेऊन दारात. म्हणाले, सीटखाली रंगाला चरा गेलाय वाटतं, गुणगुण आवाजही येतो. सीटट्यूबला वर मागच्या बाजूला जी उभी फट असते, क्लॅम्प आवळता यावा म्हणून, तिच्या खालच्या टोकापासून केसाएवढी रेघ निघाली होती. रंगाचा चरा असू शकला असता. सरांना तोच हवा होता, मलाही.

थिनर आणि रंग काढायचं रसायन लावून तिथला रंग काढला. पॉलिश पेपर मुद्दाम मारला नाही. ॲल्युमिनियम मऊ, घासलं की पसरतं आणि चीर बुजून जाते. मग डीपी टेस्ट, म्हणजे रंग झिरपवून चीर शोधायची चाचणी. आमच्याकडे वेल्डचे जोड तपासायला तीन डबे असतातच. साफ केलं, लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो. तेवढ्यात पोराने चहा आणला. लाल रंग कोरड्या फडक्याने टिपला, मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसला, थेट फवारला असता तर चिरेतलाही रंग धुऊन गेला असता. वरून पांढऱ्याचा पातळ थर दिला. मिनिटभर काही नाही. सर म्हणाले, "बघा, काही नव्हतंच." आणि मग पांढऱ्यावर गुलाबी ठिपका उठला, त्याखाली दुसरा, आणि ते एकमेकांना मिळत गेले. थांबले तेव्हा रेघ सव्वीस मिलिमीटरची होती, फटीपासून निघून वरच्या नळीच्या वेल्डकडे वळलेली.

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "दादा, तुमचं तर कामच हे. मारा दोन टाके."

टाके मी मारू शकलो असतो. आर्गॉन होता, मशीन गरम होतं. वेल्ड दिसायलाही झकास आला असता, वर रंग मारला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण टी6 म्हणजे काय ते मला माहीत आहे. कारखान्यात फ्रेम जोडून झाली की अख्खी भट्टीत घालतात, 530 अंशांच्या आसपास तापवतात, झटकन पाण्यात बुडवतात, आणि मग 160-170 अंशांवर काही तास मुरवतात. त्या मुरण्यातून तिला ताकद येते. मी टाका मारला की त्याच्या भोवतीचा बोटभर पट्टा पुन्हा मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. रेलिंगला चालतं, तिथे आपण नळी जाड घेतो. सायकलमध्ये नेमका तोच पट्टा दर खड्ड्याला 92 किलोचा झटका खाणार. आणि स्टीलचं असं असतं की ठरावीक ताणाच्या आत ठेवलं तर ते वर्षानुवर्षं थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही, छोटे झटकेही ते मोजत राहतं. सगळं सांगितलं. सर मैदानावरचे माणूस, त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या भाचीच्या सायकलला असं झालं असतं तर मारला असता?" मी नाही म्हणालो. विषय संपला.

पोस्ट बाहेर काढला. 350 चा पोस्ट, आत फक्त 70 मिलिमीटर. पोस्टवर कमीत कमी शंभर आत हवा अशी रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसत होती, बोटभर वर. सत्तर मिलिमीटर म्हणजे पोस्टचं खालचं टोक वरच्या नळीच्या जोडाच्याही वरच संपत होतं, आणि सर पेडल मारताना सगळा जोर त्या कोवळ्या कडेवर पहारीसारखा येत होता.

कंपनीने बिल तीनदा मागितलं, सात आठवडे घेतले, आणि मग त्या रेघेवर बोट ठेवून वॉरंटी नाकारली. सात आठवड्यांबद्दल मला राग आहे. नाकारण्याबद्दल काय बोलू? मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाकारली असती. पण एवढ्या उंच माणसाला एल साइज विकताना दुकानातल्या कोणी पोस्टची लांबी बघितली नाही, आणि फ्रेमसोबतच्या कागदावर ते अक्षर मुंगीएवढं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या परवानगीने ती फ्रेम कापली. गाळ्यात आयटीआयची दोन पोरं शिकायला असतात, त्यांना दाखवायचं होतं. डाउनट्यूब, म्हणजे हेडट्यूबपासून ब्रॅकेटकडे उतरणारी नळी, उभी चिरली आणि व्हर्नियर लावून जाडी मोजली: हेडट्यूबच्या जोडाजवळ 2.1 मिलिमीटर, मध्यावर 1.3, खाली ब्रॅकेटकडे पुन्हा 2 च्या घरात. जिथे वेल्डची उष्णता आणि ताण, तिथे जाड. मधे वजन वाचवलेलं. हेडट्यूबचा जोड आडवा कापून काणसीने साफ केला, तर आतपर्यंत धातू एकजीव, एकही भोक नाही. वेल्ड पहिल्याच दिवशी दुकानात दिसले होते तसेच होते. फ्रेम जोडावर फुटली नव्हतीच. पोरांपैकी एक म्हणाला, "म्हणजे चांगली फ्रेम होती की." होती.

तर घ्यावी का? चढउताराच्या रस्त्यांसाठी, जुनं थोडं सामान वापरून पन्नास-साठ हजारांत सायकल उभी करायची असेल तर मी पुन्हा हीच घेईन. दर दोन आठवड्यांनी धुताना बोट फिरवून चार जागा बघतो: हेडट्यूबच्या खालचा जोड, सीटची फट, ब्रॅकेटमागचे चेनस्टे, मागचा ड्रॉपआउट (एक्सल बसतो ती जागा). जुन्या मोज्याने पुसतो. चीर असेल तर लोकरीचा धागा अडकतो. स्टीलची फ्रेम वाकून, कुरकुरून बराच वेळ देते आणि नाक्यावरचा वेल्डरही तिला जोडून देतो. ही तसा वेळ देईलच असं नाही, आणि नाक्यावरच्या वेल्डरने हिला हात लावू नये. मीही तोच आहे, म्हणून सांगतो. ज्याला दोन आठवड्यांतून पाच मिनिटं खाली वाकून बघायचा कंटाळा आहे त्याने आठशे ग्रॅम जादा वाहावेत.

सरांनी जानेवारीत तीच फ्रेम पुन्हा घेतली, एक्सएल, आणि सोबत 400 चा पोस्ट. सीट चढवण्याआधी सगळं सामान घेऊन गाळ्यात आले. पोस्ट हव्या त्या उंचीला धरला, क्लॅम्पच्या कडेला मार्करने खूण केली, बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. मी पट्टी लावली. 152.

"आता बसू?" सर म्हणाले.

मी ग्रीसचा डबा पुढे केला.